लश्करान येतोय, त्याआधी

प्रिय सदो,

हे चामडं उसवताना तू मला दोन शिव्या नक्की घातल्या असशील. टाके माझेच आहेत आणि मुद्दाम घट्ट घातलेत. करमदाद लोकरवाल्याला सांगितलंय की धाकटीचं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून ताईत पाठवतेय, वाटेत उघडायचा नाही. बिचाऱ्याने तो डोळ्यांना लावला आणि पागोट्यात खोचला. वर मी बाबांच्या वळणात बिस्मिल्ला लिहिलंय, म्हणजे अगदीच काही खोटं बोलले नाही. पण आता वाटेतल्या प्रत्येक विहिरीवर त्याला हालहवाल विचारणार, आणि विचारलं की सगळं खरं सांगायची आपली रीत, म्हणून तो सरळ मनाने सांगणार की मुल्ला नेकमहंमदच्या थोरलीने धाकटीला ताईत धाडलाय. म्हणजे त्याच्या तोंडून मी खोटं वदवतेच आहे ना? बघ, सुरुवातीलाच माझं डोकं फिरलं. पण तोंडी निरोप धाडला असता तर तुझ्यापर्यंत पोचेतो अख्ख्या मुलखाला पाठ झाला असता. कागदाला कोणी हालहवाल विचारत नाही. बाबांनी मुलगे नाहीत म्हणून आपल्या दोघींना अक्षरं शिकवली, तेव्हा सगळी टोळी हसली होती. आज त्यांचे उपकार वाटतात.

आधी मोठी बातमी. माझा लश्करान सुटला. घरी आहे, धडधाकट आहे, उलट नुश्कीच्या कोठडीत बसून त्याला पोट सुटलंय. रडली असशील तर डोळे पूस. पण लगेच हसूही नकोस. नवा चंद्र दिसला की तो तुमच्याकडे यायला निघणार आहे, आणि तो पोचण्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडलं नाही तर आपली दोन घरं एक राहतील की नाही, मला सांगता येत नाही. मी तुला घाबरवत नाहीये गं, मीच घाबरलेय. तुझ्या पीरजानला हे वाचून दाखवू नकोस. तो बाहेर गेला की वाच, आणि शेवटपर्यंत वाच. अर्धं वाचून उठायची तुझी खोड या एका खेपेला सोड.

सगळं मुळापासून सांगते, कारण तुला तिकडे अर्धीच गोष्ट कळली असणार. मागच्या थंडीत विल्मट साहेब आमच्या विहिरीवर तंबू ठोकून बसला. त्याची माणसं लोखंडी साखळी ओढत वाळवंटातून चालायची, साखळी संपली की खुंटी ठोकायची, आणि पुन्हा चालायची. कशाला म्हणून विचारलं तर म्हणे इथून आगगाडी जाणार. कुठे? तर सिस्तानला, तुमच्याकडे. आता सिस्तानातून आणायचं तरी काय? मीरो आजोबांनी साहेबाला तोंडावर विचारलं, "साहेब, तुला डासच हवे असतील तर आम्ही पोती भरून आणून देऊ की, एवढं लोखंड कशाला अंथरतोस?" अल्लाबक्ष मुन्शीने याचं नीट भाषांतर केलं नसावं, कारण साहेब मान डोलावून म्हणाला, व्यापार. मुन्शी नंतर हळूच आजोबांच्या कानाला लागला, "व्यापार कसला, आजोबा! रूस येतोय. तो तिकडून रूळ टाकत इथे पोचायच्या आत आपण तिथे पोचायला हवं."

आता हा रूस कोणी पाहिलाय? तूच एक पाहिल्याचं कळवलं होतंस, तो प्लेगचा डॉक्टर. सगळ्यांना जीभ बाहेर काढायला लावतो आणि जीभ बघून झाली की विहिरींची नावं विचारतो. तुमच्याकडे तो एकटा, आमच्याकडे हा एकटा. दोघांनी एकमेकांना पाहिलेलंसुद्धा नाही, आणि एकमेकांच्या धाकाने दोघं वाळवंट मोजत सुटलेत. इंग्रज येतोय म्हणून रूस येतोय, की रूस येतोय म्हणून इंग्रज, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. मी मुन्शीला विचारलं तर म्हणाला, "बाई, हे क्वेट्ट्यातही कोणाला माहीत नाही. तुम्ही भाकऱ्या थापा."

खुंट्यांचं तर विचारूच नकोस. साहेब सकाळी ठोकून जायचा, दुपारी बायका त्यांना करडं बांधायच्या. एवढ्या सरळ रांगेत आयत्या ठोकलेल्या खुंट्या कोण सोडतंय? साहेब लालबुंद. मग मुन्शीने फर्मान काढलं की सरकारी खुंटीला शेळी बांधणं गुन्हा आहे. एक रांग आपल्या कबरस्तानातून गेली. मीरो आजोबा तिथे जाऊन आडवेच झाले, म्हणाले, "मी लवकरच इथे यायचाच आहे, आत्ताच येतो." साहेबाने ती रांग निमूट बाजूला घेतली. माणूस वाईट नाही. मग कळलं की आगगाडी पाणीही पिते, आणि भरपूर पिते. मग आम्ही काय प्यायचं? साहेब म्हणाला, नव्या विहिरी खणू. पाणी कुठून आणणार, ते नाही म्हणाला.

लश्करान मात्र खुशीत होता. त्याचे उंट साहेबाच्या कामाला लागले होते आणि तो स्वतः पुढे चालून वाट दाखवायचा. घरी आला की मला चिडवायचा, "महलब, थांब जरा. सकाळी इथे गाडीत बसवतो आणि संध्याकाळी सदोच्या दारात उतरवतो. मग दोघी बसा भांडत." मी त्याला म्हणायची, तुझ्या तोंडात साखर. वरवर मी हसायची, पण खरं सांगू? मला ती गाडी हवी होती. रूस आणि इंग्रज गेले खड्ड्यात. तुझी दोन बाळंतपणं झाली आणि मी एकालाही पोचले नाही. तिसऱ्याला तरी त्या लोखंडावरून येईन असं मनात धरून बसले होते. म्हणून पाण्याच्या भांडणात मी बायकांच्या बाजूने बोलले नाही.

मग थंडी सरताना लश्करान हरवलेली उंटीण शोधत सरहद्दीच्या दगडांपाशी गेला, आणि तिथल्या विहिरीवर त्याला तुझा पीरजान भेटला. कितीतरी दिवसांनी चुलत भाऊ भेटले. घोंगडं अंथरलं, बसले, आणि रीतीप्रमाणे पीरजानने म्हटलं, सांग हालहवाल. आता तुला काय सांगायचं, एकदा विचारलं की काय होतं! लश्करानने सांगितलं. कोण गेलं, कोणाकडे काय झालं, पाऊस कुठे पडला, कोणती विहीर कडू झाली, मीरो आजोबांचा गुडघा, माझा सांडलेला तुपाचा बुधला, आणि त्याच ओघात साहेबाच्या खुंट्या कुठवर आल्या, पुढे कोणत्या वाटेने जाणार, साहेब कुठल्या पाण्यावर खूश आहे आणि कुठल्यावर नाही. मग पीरजानने आपली दिली. तुझे डोहाळे, खजुरीवरची कीड, आणि तो डॉक्टर इंग्रजांच्या खुंट्यांची चौकशी करत फिरतो तेही. दोघांनी काही गाळलं नाही, काही घातलं नाही. आपल्या बापाच्या घरी आपण हेच पाहत मोठ्या झालो.

आणि यापुढे जे झालं ते फक्त आपल्याच माणसाच्या हातून होऊ शकतं. लश्करान उंटीण घेऊन परत आला. छावणीत पोचला तेव्हा साहेब तंबूबाहेर खुर्ची टाकून बसला होता. मुन्शीमार्फत त्याने सहज विचारलं, "काय लश्करान, काय खबर?" झालं! हा समोर बसला, पाय दुमडले, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळी हालहवाल दिली. पीरजान भेटला, त्याने मला हे विचारलं, मी त्याला हे सांगितलं, त्याने मला ते सांगितलं, तो तिकडे डॉक्टरच्या औषधांच्या पेट्या उंटावर लादतो. मुन्शी मधे खुणा करत होता, खोकत होता, पण याला वाटलं घसा बसलाय. साहेबाचा चेहरा पांढरा पडला तरी याचं चालूच. शेवटी म्हणाला, "बाकी सगळं खैर आहे." संध्याकाळपर्यंत त्याच्या हातात बेड्या होत्या. शत्रूला गुपित सांगितलं! कसलं गुपित? उघड्या माळावर पांढऱ्या निशाणांसकट ठोकलेल्या खुंट्या, ज्या आंधळ्यालाही अडखळून कळतील?

मी नुश्कीला गेले. मीरो आजोबा सोबतीला होते. तिथे मी ती आगगाडी पाहिली, सदो. उभी होती आणि पाणी पीत होती. मला वाटलं होतं पाहून काहीतरी वाटेल, राग तरी, नाहीतर आनंद तरी. काहीच कळेना. साहेबाने मला खुर्ची दिली, मी जमिनीवर बसले. मग त्याने मुन्शीमार्फत विचारलं, "तुझ्या नवऱ्याने हे का सांगितलं?" मी म्हटलं, "त्याला विचारलं म्हणून." साहेब म्हणाला, "ते ठीक, पण का सांगितलं?" मी पुन्हा तेच म्हटलं. त्याला वाटलं मी लबाडी करतेय, मला वाटलं तो थट्टा करतोय. मीरो आजोबा म्हणाले, "साहेब, तुमच्यात विचारल्यावर सांगत नाहीत का?" साहेबाने हातातला टाक खाली ठेवला. तेव्हा मला वाटलं, याला पटलं. आता वाटतं, त्याच वेळी त्याच्या डोक्यात ते दुसरं शिजायला लागलं असावं. आपल्या हातांनी आम्हीच त्याला वाट दाखवली.

कारण त्यानंतर लश्करान अचानक सुटला. साहेबाने दिलेलं नवं पागोटं बांधून आला. मी शेळी कापायला काढली, सगळी टोळी आमच्या तंबूत जमली, आजोबांनी घोंगडं झटकून त्याला मधे बसवलं आणि म्हणाले, "ये बेटा, सांग हालहवाल." सदो, त्याने खाली बघितलं आणि म्हणाला, "खैर आहे." एवढंच. सगळे वाट बघत राहिले. आजोबांनी पुन्हा विचारलं, तर म्हणाला, डोकं दुखतंय. माणसं जेवली आणि मुकाट उठून गेली. तेव्हापासून तो जेवतो न जेवतो, उंटांपाशी बसून राहतो. मी मागून गेले तर पुटपुटत होता. आधी वाटलं दुआ म्हणतोय. कान दिला तर हालहवाल देत होता, समोर कोणी नसताना! "रूळ नुश्कीलाच थांबले. पुढचं पाणी कडू निघालं. साहेब तंबू गुंडाळून विलायतेला चालला." पुन्हा पहिल्यापासून तेच, अडखळत, आपण लहानपणी बाबांपुढे धडा म्हणायचो तसं.

मी वेडी तर आनंदलेच. विहीर वाचली! शेजारणीला सांगूनही आले. आणि दुसऱ्या सकाळी बघते तर छावणीत खुंट्यांच्या नव्या मोळ्या उतरतायत. मग मी सरळ त्याच्यासमोर जाऊन बसले आणि म्हटलं, "लश्करान, मी तुला हालहवाल विचारतेय." माझ्या नवऱ्याला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. रडत रडत त्याने सांगितलं, साहेबाने सोडलंय ते एका अटीवर: पीरजानकडे जायचं, तो विचारेल तेव्हा हे असं सांगायचं, म्हणजे पीरजान ते डॉक्टरला सांगेल, आणि रूस गाफील राहील. नाही म्हटलं तर काळ्या पाण्यावर. "हो म्हणालास?" मी विचारलं. म्हणाला, "तोंड म्हणालं. तुझा चेहरा समोर आला आणि तोंड म्हणून गेलं." मला तो हवा आहे. काळ्या पाण्यावर गेलेला सच्चा नवरा मला नको, हे मी तुला स्पष्ट सांगते, मग तू मला काय म्हणायचं ते म्हण.

थांब, गोंधळ अजून संपला नाही. परवा मुन्शी ताक प्यायला आला आणि म्हणाला, वरून कागद आलाय, लाइन खरंच थांबणार बहुतेक, विलायतेत कोणाचं तरी मन बदललंय. काल निम्म्या खुंट्या उपटल्या. आज सकाळी त्यातल्या चौथाई पुन्हा ठोकल्या. म्हणजे लश्करान तुमच्याकडे पोचेपर्यंत त्याचं खोटं खरंही झालेलं असेल! मी त्याला म्हटलं, बघ, मग पाप कसलं? तर माझ्यावरच उखडला. म्हणाला, "मला जे खोटं म्हणून शिकवलं ते खरं निघालं, तरी मी सांगताना खोटाच असेन ना?" मी रात्रंदिवस यावर विचार करतेय. तो म्हणतो ते बरोबर वाटतं, आणि मग चूल फुंकताना ते अजिबात बरोबर वाटत नाही. बाबा असते तर विचारलं असतं. साहेबाला खरं काय ते माहीत नाही, डॉक्टरला माहीत नाही, आणि त्यांच्या खातर माझा माणूस आपल्या भावाच्या घोंगड्यावर बसून आपलं तोंड बाटवणार.

आणि पुढे पीरजानचं काय? तो लश्करानचा शब्द आपला म्हणून पुढे देणार. उद्या गाडी आली तर डॉक्टर त्याला काय करील ते वेगळं, पण टोळी काय करील? ताजू तुला आठवतो का, पलीकडच्या डोंगराखाली एकटा राहायचा तो म्हातारा? तरुणपणी त्याने एका कुटुंबाला चेष्टेत सांगितलं होतं की खिंडीतल्या डबक्यात पाणी आहे. त्यांनी तिकडे वाट धरली. एक बाई आणि तिची सासू तहानेने तिथेच मेल्या. त्याला कोणी मारलं नाही, हाकललंही नाही. भाकरी द्यायचे, पाणी द्यायचे. फक्त मरेपर्यंत त्याला कोणी हालहवाल विचारली नाही. बाबा म्हणायचे, तो प्रत्येक घोंगड्यावर बसून वाट बघायचा, आणि लोक त्याच्यासमोर बकऱ्यांबद्दल बोलत राहायचे.

आता मी हे का लिहिलं ते सांगते, आणि एकदा वाचून हे पान चुलीत टाक. लश्करान दारात आला की त्याच्या उंटाची दोरी धर, हात धुवायला पाणी दे, जे काही चांगलंचुंगलं असेल ते वाढ, बाजूला बस. पण त्याला हालहवाल विचारू नका. तू नाही, पीरजानने नाही, तुमच्या अख्ख्या वस्तीतल्या कोणीही नाही. विचारलं नाही तर त्याला सांगावं लागणार नाही, आणि साहेबापुढे तो खरंखुरं म्हणू शकेल की मला कोणी विचारलंच नाही. पीरजानला कारण सांगू नकोस, कोणी विचारलं तर तो बोलून जाईल. पोटुशी आहेस, हट्ट धर, रड, शपथ घाल, नाहीतर हे ताईताचं पथ्य आहे म्हणून सांग, काय वाटेल ते कर. लश्करान बसून राहील, सदो. तुमच्या तोंडांकडे बघत राहील. त्याला वाटेल तुम्हाला सगळं कळलंय आणि तुम्ही त्याला माणसांतून उठवलंत. त्याचा चेहरा बघून तुझा जीव तुटेल, तरी विचारू नकोस, आणि माझं नाव त्याला जन्मात कळू देऊ नकोस. तो परत येईल तेव्हा रीतीप्रमाणे त्याला घोंगड्यावर बसवून मलाच विचारावं लागेल. तो सांगेल की माझ्या भावाच्या घरात मला कोणी हालहवाल विचारली नाही. ते मी ऐकून घेईन, आणि त्याच्यासाठी भाकरी थापायला उठेन.

तुझ्या दारी येऊ न शकलेली,
तुझीच थोरली,
महलब